दहा पावलं भिंत

एकदा काय झालं, लांब समुद्राकाठी एक भलंमोठं शहर होतं. कॉन्स्टँटिनोपल त्याचं नाव. म्हणता येत नाही ना? राहू दे, आपण नुसतं राजाचं शहर म्हणू. त्या शहराला भारी वेड रथांच्या शर्यतींचं. आपल्याकडे बैलांचा शंकरपट असतो ना, तसे तिथे घोड्यांचे रथ. अर्धे लोक निळ्या रथवाल्यांच्या बाजूचे, अर्धे हिरव्यांच्या. निळे हिरव्यांच्या घरी मुलगी देत नसत, हिरवे निळ्यांच्या दुकानातून मीठ आणत नसत. आहे की नाही खुळेपणा?

मग एके दिवशी धरणी हलली. धडाधड शहराचा कोट कोसळला. आणि तेवढ्यात बातमी आली, उत्तरेकडून घोडेस्वारांची फौज निघालीय, गावंच्या गावं लुटत येतेय. राजाची पाचावर धारण बसली. पण प्रधान हुशार, बरं का. त्यानं अर्धा कोट निळ्यांना वाटून दिला, अर्धा हिरव्यांना. म्हणाला, "बघू, आधी कोण बांधतंय!" झालं. जो तो दगड वाहायला लागला.

निळ्यांत एक गवंडी होता, झोतिकोस. हसू नका रे, त्यांच्यात असलीच नावं. मोठा कसबी माणूस, पण हिरव्यांचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. आता कोटाची भिंत कशी असते? दोन्हीकडून घडीव दगड, आणि मधे चुना नि खडी ठासून भरायची. थरावर थर, धुमसून धुमसून, म्हणजे ठोकून घट्ट करत. वेळ लागतो त्याला. मग एक दिवस झोतिकोसनं पाहिलं, हिरव्यांचा बुरूज आपल्यापेक्षा हातभर उंच! वर हिरव्यांचा गवंडी लिओन उभा, वाकुल्या दाखवतोय. झोतिकोसचं टाळकं सरकलं. त्यानं दहा पावलं भिंतीत खडी भरलीच नाही. फुटक्या टोपल्या, सुकं गवत नि माती कोंबली, वर झकास दगड बसवले. आणि निळे एका दिवसानं जिंकले.

मग काय, वाजतगाजत मिरवणूक निघाली. निळ्यांनी झोतिकोसला खांद्यावर घेतलं. तो हसला, पण वर बघेना. मग दुसऱ्या दिवशी पाव भाजणाऱ्या बाईनं गरम पाव हातात दिला. म्हणाली, "घ्या हो दादा, तुमच्यामुळे माझी लेकरं वाचायची." घास काही घशाखाली उतरेना. त्यानं तो पाव कुत्र्याला घातला. लाज वाटत होती हो त्याला, फार लाज वाटत होती. घरी बायको इरिनी विचारी, "जिंकलात ना? मग तोंड असं का?" तो म्हणे, "चुन्यानं डोळे चुरचुरतात गं."

मग तिसऱ्या दिवशी तो भिंतीकडे गेला. बघतो तर नेमक्या त्या दहा पावलांपाशी एक म्हातारी चटई अंथरतेय. थेक्ला आजी तिचं नाव. धरणी हलली तेव्हा तिचं घर पडलं होतं.

"तुझी भिंत कुठली ते विचारत विचारत आले बाबा," आजी म्हणाली. "इथे टेकलं की कसं निर्धास्त वाटतं."

आणि तिनं भिंतीला पाठ टेकली. झोतिकोसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, उठा तिथून."

"का रे?"



फौज तर चार दिवसांवर आली होती. दहा पावलं भिंत उकरून पुन्हा भरायची, ते काय एकट्याचं काम? शे-दोनशे माणसं लागणार. म्हणजे सगळ्यांना सांगायला हवं. हिरव्यांदेखत! त्यापेक्षा समुद्रात उडी घ्यावी, असं वाटलं त्याला. पण आजी टेकून बसली होती ना.

मग तो मोठ्या दरवाजाच्या पायऱ्या चढला. माणसं गोळा झाली. म्हणाला, "माझी भिंत पोकळ आहे. आत गवत आहे. मी तुम्हाला फसवलं." आणि ढसाढसा रडला. निळ्यांनी माना खाली घातल्या. कुणी चिखलाचा गोळा मारला. हिरवे हसले, पोट धरधरून हसले. एकटा लिओन हसेना. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"हसू नका रे," लिओन म्हणाला. "माझ्या बुरुजात वीस पावलं. मीही गवतच भरलंय."

हसणं एकदम बंद! मग इकडून एक जण पुढे आला, "माझी पाच पावलं." तिकडून एक, "माझी तीन." आता कोण कुणाला हसणार, सांगा बघू?

मग सगळे लागले उकरायला. निळे खडी टाकताहेत, हिरवे धुमसताहेत. चुना उडून सगळे पांढरेफटक झाले, कोण निळा नि कोण हिरवा, ओळखू येईना. थेक्ला आजी सगळ्यांना पाणी पाजत फिरली. चौथ्या दिवशी फौज आली. इथे धडक मार, तिथे धडक मार, एक चिरा हलला नाही. आली तशी परत गेली.

मग झोतिकोसनं स्वतःच्या हातानं चटई अंथरली. म्हणाला, "आजी, आता टेका." आजी टेकली नि लगेच घोरायला लागली.

त्या दहा पावलांवरून जाताना त्याची मान खाली जायची ती जन्मभर. पण घास घशाखाली उतरायला लागला. निळे, हिरवे, आजी, सगळे सुखानं नांदले, तसे तुम्हीही नांदा.

चला, घ्या पांघरुणं. आणि हो, माझ्या चष्म्याची काडी मोडून ज्यानं तो गुपचूप डबीत ठेवलाय, त्यानं सकाळी येऊन सांगावं. थोडीशीच रागवेन. झोपा आता.