सांगून गेलेली साळुंकी

त्या मुलखात ढोल्या झाडांच्या मालकीच्या होत्या आणि पाखरं भाड्यानं राहत. भाडं म्हणून पानांवरच्या अळ्या वेचायच्या, आणि जायचं झालं तर एक पौर्णिमा आधी सांगायचं, असा नियम होता. पण सांगितलं की झाडं रुसत, घरटं पडेस्तोवर फांद्या हलवत. म्हणून पाखरं अंधारात गुपचूप निघून जात. रिकाम्या ढोलीत पाऊस साचे, खोड आतून कुजे आणि झाडं पुढच्या बिऱ्हाडाशी आणखीच करवादून वागत.

भागू साळुंकी म्हाताऱ्या हेळ्याच्या, म्हणजे बेहड्याच्या झाडाच्या, ढोलीत राहायची. तिची पिल्लं मोठी झाली, ढोली पुरेना. नदीच्या दरडीत नवऱ्यानं ऐसपैस जागा हेरली.

शेजारची राघीण म्हणाली, "गपचूप नीघ बाई. सांगशील तर पस्तावशील."

तरी भागू सकाळीच ढोलीच्या तोंडाशी बसली. "तात्या, पुढच्या पौर्णिमेला आम्ही घर सोडतोय."

हेळा मुळापासून हलला. पिल्लं ओरडत उडाली. "माझ्यात काय कमी पडलं गं?"

"काही नाही. तुमच्याकडे आमची एक रात्र ओली गेली नाही. म्हणूनच आधी सांगतेय. पावसाच्या आत तुम्हाला नवं बिऱ्हाड मिळायला हवं."

फांद्या हळूहळू थांबल्या. हेळा म्हणाला, "मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी पाहावं तर ढोली रिकामी."

मग भागूनंच दयाळ पक्ष्यांच्या जोडप्याला बोलावून जागा दाखवली. जुनी पिसं, काड्या, सापाची कात, सगळं काढून ढोली लख्ख केली. उंबऱ्यावरचे नख्यांचे ओरखडे मात्र जाईनात. ती खाली मान घालून म्हणाली, "तात्या, हे राहिलं."

"राहू दे. नांदत्या घराला एवढं व्हायचंच."

पौर्णिमेच्या दिवशी, भर दुपारी, सगळ्या रानादेखत भागूचं कुटुंब कलकलाट करत उडालं. हेळ्यानं शेंड्यापर्यंत पानं हलवून निरोप दिला.

दयाळीण उंबऱ्यावर उतरली. एक पाय आत, एक बाहेर ठेवून तिनं बिचकत विचारलं, "तात्या, जायचं झालं तर किती आधी सांगायचं?"

हेळा असा खदखदून हसला, की आजूबाजूच्या ढोल्याढोल्यांतून पाखरांनी माना बाहेर काढल्या आणि ती आपापल्या झाडाला हाक मारण्यासाठी गळे साफ करू लागली.