खिळ्याला टांगलेला वायरलेस

एकदा एका बंदरावर एक वृद्ध कारागीर होते. बोटींवरचे वायरलेस, म्हणजे हातात धरून बोलायचे ते छोटे संच, दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं; पण चष्म्यावरून ते असे पाहत, की समोरच्या माणसाला आपण बाकावर उभे आहोत असं वाटे.

त्यांच्यापाशी शलाका नावाची एक शिष्या काम शिकत होती. आयटीआय झालेली, तिशीला टेकलेली, हात विलक्षण स्थिर. दोष एकच होता. सोल्डरचा थेंब पडला की तिची नजर आधी मास्तरांच्या चेहऱ्याकडे जाई आणि मग कामाकडे. मास्तर ‘छान’ म्हणाले तर दिवस सोन्याचा. गप्प राहिले तर तिला दुपारचा डबाही गोड लागत नसे. आपल्यापैकी पुष्कळांना हा दोष असतो, फक्त आपण त्याला नम्रता म्हणतो.

एके सकाळी धोंडू तांडेल दुकानात शिरले. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. त्यांच्या शब्दावर सात खलाशी समुद्रात जात. त्यांनी वायरलेस टेबलावर जवळजवळ आपटलाच.

“मास्तर, परत तेच! वायर दाबून धरली तर दिवा लागतो, हात काढला की विझतो. तीनदा नीट करून नेला की मी!”

तीनही वेळा ती दुरुस्ती शलाकाने केली होती. चार्जिंगची वायर जिथे खुपसतात ते पोर्ट सैल होई आणि बॅटरी भरेनाशी होई. मागच्या खेपेला वारा उठला, माघारी फिरा असा निरोप सगळ्या बोटींना गेला, आणि यांचा संच मेलेला. सात खलाशी आणि तांडेल जीव मुठीत धरून कसेबसे किनाऱ्याला लागले होते.

“संध्याकाळच्या भरतीला निघतोय,” तांडेल म्हणाले. “झाला तर झाला. नाहीतर ठेवा तुमच्याकडेच, आम्ही जातो तसेच. नुसतं ओझं कशाला न्यायचं?”

हे बोलताना त्यांनी शलाकाकडे पाहिलं नाही. ते न पाहणं तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

ती कामाला बसली. संच उघडला, सैल पोर्ट काढलं, खाऱ्या हवेने धरलेला गंज ब्रशने घासून काढला. बोर्डावरची तांब्याची पट्टी जिथे उखडली होती तिथे केसासारखी बारीक तार जोडली आणि नवं पोर्ट बसवलं. पोर्टचे चारही पाय तिने सोल्डरने असे झाळले, की भिंगाखालीसुद्धा बोट ठेवायला जागा नव्हती. दुपार झाली तेव्हा दिवा लागला आणि वायर हलवली तरी लागूनच राहिला.

मास्तरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. “काम निर्दोष आहे,” ते म्हणाले.

शलाकाचा चेहरा उजळला. तांडेलांनी संच घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात मास्तर उठले, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला त्यांनी चार्जिंगच्या वायरीचा वेढा दिला आणि तिच्या टोकाला तो नुकताच दुरुस्त झालेला संच तसाच लोंबता सोडला. मग बोटाने त्याला झोका दिला.

“मास्तर!” शलाका ओरडलीच. “अहो, तुटेल ना!”

मास्तरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी तिघांसाठी चहा सांगितला आणि स्टूल ओढून ते खिळ्याखाली बसले. संच मंदावला की झोका देत, मधूनच लाटेने आपटावा तसा हिसका देत. चहा झाला. अर्धा तास गेला. म्हातारपणी माणसाची बुद्धी चळते म्हणतात, तसं काहीसं शलाकाच्या मनात येऊन गेलं. तांडेल मात्र त्या झोक्याकडे पाहता पाहता कधी गंभीर झाले, ते त्यांनाही कळलं नाही.

“आमच्याकडे असाच असतो हा,” ते हळूच म्हणाले. “सुकाणूपाशी खिळा आहे, त्याला वायर गुंडाळतो. फळीवर ठेवला तर बोट कलली की गडगडतो. लोंबता असला की पडत नाही, चार्जही होतो, आणि आवाज कानाशी येतो. सगळेच असं करतात.”

“ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “तुमचं जुनं पोर्ट दर वेळी एकाच बाजूने उखडलेलं होतं. खालून कोणीतरी सतत ओढल्याशिवाय तसं होत नाही. मला पहिल्याच खेपेला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, ती चूक माझी.”

त्यांनी संच खाली काढून उघडला आणि भिंग शलाकापुढे सरकवलं. तिच्या निर्दोष सोल्डरला एका पायाशी बारीक तडा गेला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडू नकोस बाय,” मास्तर म्हणाले. “तुझा हात चुकला नव्हता. हे पोर्ट बळ आत घेण्यासाठी केलेलं आहे, वजन पेलण्यासाठी नाही. जिथून बळ घ्यायचं तिथेच सगळा भार टांगला, तर जगातला कुठलाही कारागीर तो सांधा टिकवू शकणार नाही. माझी बायको मी अशीच गमावली. दिवसभराची चिडचिड, धास्ती, अपयश, सगळं मी रात्री घरी नेऊन तिच्यावर टांगायचो, आणि सकाळी तिच्याकडूनच बळ घेऊन निघायचो. ती खचली, तेव्हा मला वाटलं, तिचीच प्रकृती नाजूक.” ते शलाकाकडे वळले. “आणि तू? तू माझ्याकडून विद्या घे, हवी तेवढी घे. पण आपली सगळी किंमत माझ्या एका शब्दाला टांगू नकोस. मी म्हातारा माणूस, मला तरी ते कसं पेलेल?”

मग तांडेलांनी कमरेच्या पिशवीतून जाळं विणायचं सूत आणि सुई काढली. उभं आयुष्य जाळी शिवलेली ती बोटं. शलाकाने पोर्ट पुन्हा झाळेपर्यंत त्यांनी वायरलेसच्या अंगासरशी बसणारी एक लहानशी जाळीदार पिशवी विणली, वर टांगायला सुताचा फासा ठेवला, खालून वायरीला वाट ठेवली. आता वजन फाशावर होतं आणि वायर सैल, निवांत पडली होती. या खेपेला शलाकाने दिवा पाहिला, मीटर लावून पाहिलं आणि संच थेट तांडेलांच्या हातात दिला.

“घ्या तांडेल. आता टिकेल.”

“टिकणारच गो,” तांडेल म्हणाले, आणि या वेळी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. दुकानाशेजारीच मच्छीमार सोसायटीची कचेरी होती. तिथल्या मोठ्या संचावरून बोटींना माघारीचा निरोप जाऊ लागला. खलाशांच्या घरच्या बायका खिडकीशी गोळा झाल्या. शलाकाही हातातलं काम टाकून तिथे उभी राहिली. एकेका बोटीचं उत्तर येत होतं. धोंडू तांडेलांचं नाव तीनदा पुकारलं गेलं. पलीकडून नुसती खरखर आली. एका बाईने पदर तोंडाशी धरला.

चौथ्या हाकेला खरखर फाटली आणि आवाज आला, लांबचा पण स्वच्छ.

“ऐकलं, ऐकलं! जाळं ओढत होतो. आठही जण ठीक आहोत. फिरतोय मागे.”

बायका एकदम बोलायला लागल्या, कोणी हसत, कोणी डोळे पुसत. छाती भरून एक श्वास घेऊन शलाका दुकानात परतली आणि पुढचा संच उघडून बसली.

आज घरी गेल्यावर एवढंच पाहावं: ज्या माणसाकडून आपण रोज बळ घेतो, त्याच्यावर आपलं वजन तर लोंबत नाही ना.