महाराजांची कोरडी दाढी

गगनवाडीच्या महाराजांनी एकदा एक जाडजूड ग्रंथ वाचला आणि रयतेचे दिवस फिरले. जो निमूट सोसतो तो सद्गुणी आणि जो सद्गुणी तोच सुखी, असं त्यात लिहिलं होतं. महाराजांनी लगेच राजवाड्याच्या दारावरची फिर्यादीची घंटा उतरवली आणि दवंडी पिटवली, "आजपासून रयत सुखी आहे. सुखी माणसाला दाद मागायचा हक्क कशाला हवा?" दरबार "वा, वा" म्हणाला. दरबाराचं कामच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी न्हावी महाराजांची दाढी करायला आला. त्याने ना पाणी लावलं, ना वस्तऱ्याला धार दिली. कोरड्या गालावर बोथट वस्तरा खरखरू लागला.

"अरे गाढवा, दाढी करतोस की साल सोलतोस?" महाराज किंचाळले.

"ही तर फिर्याद झाली, महाराज," सटवाजी शांतपणे म्हणाला. "निमूट सोसा. एक गाल सद्गुणी झालाय, दुसराही आत्ता सुखी करतो."

"मुंडकं उडवीन तुझं!"

"अवश्य उडवा. फक्त वस्तरा गळ्यावर आहे तोवर हलू नका."

महाराज हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा सुख वाहू लागलं.

"अरे बाबा, मला दुखतंय! एवढं सांगायचा तरी हक्क आहे की नाही मला?"

"कालपर्यंत होता, महाराज."

दुपारी घंटा पुन्हा दारावर चढली. अर्ध्या दाढीनिशी पहिला टोला खुद्द महाराजांनी हाणला.