जुन्या भोकांची शिवण

एकदा एका कारागिराकडे एक पाय आला. नुसता पाय! दचकू नका, लाकडी होता. मांडीवर चढवायची त्याची कातडी खोळ शिवणीतून उसवली होती, आणि ज्यांचा तो पाय होता त्या शिक्षिकाबाई कुबडी भिंतीला टेकवून दुकानाच्या बाकावर बसल्या होत्या.

"आबा, उद्या शाळा उघडते," बाई म्हणाल्या. "टेकडीवरची वस्ती, गाडी वर जात नाही. सगळे म्हणतात, नवा पाय घ्या. एकदा घेतला होता, आठ दिवसांत मांडी सोलून निघाली. या कातड्याला बावीस वर्षांत माझ्या मांडीचं वळण पडलंय. हे गेलं तर माझं चालणंच गेलं."

वृद्ध आबांनी खोळ डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळली. दोरा कुजला होता, कातडं मात्र शाबूत होतं. "होईल," एवढंच म्हणून ते मेण आणायला आत गेले.

पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आबांचा शिष्य केरबा याला दम कुठला? हा काही कोवळं पोर नव्हे. दहा वर्षे शिलाईच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, कातडीकाम तेवढं शिकायचं राहिलं म्हणून आबांकडे आलेला. आबांचं बिडाचं शिवणयंत्र त्याच्या आजोबांच्या वयाचं. त्यावर त्याने जाड सुई बसवली, दोरा ताणून घट्ट केला, कापड दाबून धरणारा फूट पिळून पक्का आवळला, टाका अगदी बारीक ठेवला. कातडं चिवट, तेव्हा शिवणही चिवट हवी, असं त्याचं साधं गणित. पाच टाके पडले. सहाव्याला जुन्या आणि नव्या भोकांमधलं कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं टर्रकन फाटलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. केरबाने चाकावरचा हात काढून घेतला. एका बाईची वाट आपण पाच टाक्यांत बंद केली की काय! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय म्हणायचं याला?

आबा बाहेर आले, त्यांनी पाहिलं, पण ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं केरबाला वाटलं. त्यांनी ते पाच टाके उलगडले, फाटल्या जागी आतून पातळ कातड्याचं ठिगळ चिकटवलं आणि तिथली जुनी भोकं आरीने मोकळी केली. मग मशीनमधला दोराच काढून टाकला! वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून ते त्या बिनदोऱ्याच्या सुईखालून चालवू लागले. पट्टी झाली की खोळीच्या कडेवर ठेवायची, दाराशी उन्हात धरायची, मान हलवायची, टाक्यांचं अंतर ठरवणारी दांडी केसभर सरकवायची, की पुन्हा दुसरी पट्टी. फुटाचा स्क्रू तर त्यांनी चक्क सैल केला.

"आबा, कागद शिवून काय होणार?" केरबाला राहवेना. "बाईंना चारची एस.टी. गाठायचीय."

"ठाऊक आहे. कात्री दे."

अठराव्या पट्टीला आबांनी हाक मारली. "हात धर इथे, खाली."

केरबाने उन्हात तळहात धरला आणि तो थक्क झाला. कागदाचं प्रत्येक भोक कातड्याच्या भोकावर नेमकं बसलं होतं, आणि त्याच्या तळव्यावर उन्हाचे बारीक ठिपके ओळीने उमटले होते. तीस ठिपके सारख्या अंतरावर होते, पुढचे नऊ मात्र लांब लांब. तिथे आबांनी दांडी मुद्दाम सरकवली होती.

"इथे अंतर का वाढलं, आबा?"

"बाई बसल्या की याच जागी ताण येतो. तिथे भोकं दाट पाडली तर कातडं फाटेल, हे पहिल्यांदा शिवणाऱ्याला ठाऊक होतं. तो कोण, कुठला, आहे की गेला, देव जाणे! पण त्याचं शहाणपण या भोकांत राहिलंय. केरबा, कापडातून सुई काढली की धागे पुन्हा मिटतात. कातड्यात पडलेलं भोक कायमचं. त्याच्याशेजारी आपलं नवं पाडलं की दोन्ही मिळून फाटतात. दुरुस्तीला बसणाऱ्याने आधी मागच्याचा हात ओळखावा, मग आपला हात घालावा. मशीन मी इतका वेळ त्या हाताशी जुळवत होतो."

मेण लावलेला दोरा ओवून ते बाजूला झाले. "चाक तू फिरव. हातानेच. तिसाव्यानंतर दांडी सरकव."

"मी?" केरबा एक पाऊल मागे सरकला.

"मग कोण? फाडलंस तू."

"करा हो," बाई बाकावरून म्हणाल्या.

केरबाने चाक फिरवलं. मघाशी प्रत्येक टाक्याला टक्क असा आवाज येत होता. आता सुई खाली गेली, वर आली, आणि काहीच ऐकू आलं नाही. एकोणचाळीस टाके झाले, सुईने एकही नवं भोक पाडलं नाही. कधी न पाहिलेला कुणी माणूस आपल्या हातावर हात ठेवून चाक फिरवतोय, असं केरबाला वाटत होतं.

बाईंनी पाय चढवला, पट्टे आवळले, बाकापासून दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अगदी होता तसा! ही शिवण कुणाची म्हणायची? आबांची की तुमची?"

"आमची नव्हे, बाई," केरबा हात जोडून म्हणाला. "ज्याने पहिल्यांदा शिवली, त्याचीच आहे."

बाईंनी कुबडी काखेत न घेता नुसती हातात धरली, आणि त्या चालत स्टँडकडे निघाल्या.