चुणीच्या बाळाचे चार वाळे

एक होती उंदरी. तिचं नाव चुणी. शेपूट लांब आणि घाई फार!

आज संध्याकाळी चुणीच्या बाळाचं बारसं! मग बाळाला वाळे हवेत की नकोत? हवेतच! चांदीचे, चकचकीत! उंदराला पाय किती? चार. मग वाळे किती? चार!

चुणीकडे एक जुनं घुंगरू होतं. चांदीचं. ते घेऊन ती निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. वाटेत घुंगरू दगडावर आपटलं. टण्ण! आतली चांदीची गोळी उडाली. गटारात पडली. डुबुक! गेली ती गेलीच.

"जाऊ दे," चुणी म्हणाली. "घुंगरू तर आहे!"

पोतदारकाकांचं चांदीचं दुकान होतं. काकांनी तराजू काढला. एका पारड्यात घुंगरू. दुसऱ्या पारड्यात गुंजा. गुंजा म्हणजे लालचुटूक बिया. काका त्यांनीच चांदी तोलायचे. एक, दोन, तीन, चार!

"चार गुंजा चांदी," काका म्हणाले. "एका वाळ्याला एक गुंज. तुझे झाले तीन वाळे."

"तीन? अहो काका, चार ना!"

"आणि मधली, माझ्या मजुरीची गुंज? ती माझी! चार घेऊन चारच दिल्या, तर मी खाऊ काय? वारा?"

अगंबाई! ती गोळी असती तर पाच भरल्या असत्या!

"आणखी गुंजभर आण," काका म्हणाले. "चौथा वाळा लगेच करतो."

बारशाला एक पाय रिकामा? छे छे छे! चुणी अगदी रडकुंडीला आली.

दुकानाच्या दारात हौसामावशी बसली होती. दुकानातला केर ती विकत घ्यायची. कशाला? अहो, केरात चांदीचा चुरा असतो! केर धुवायचा, चुरा काढायचा, काकांनाच विकायचा. आहे की नाही गंमत?

"मावशी, मावशी!
चांदी मिळेना,
माझ्या बाळाचा एक पाय रिकामा!
गुंजभर चुरा दे ना!"

"फळीखालचा केर ओढून दे. तिथे माझा हात जात नाही. मग देते."

चुणी फळीखाली घुसली. सर्रर्र! केर बाहेर!

"शाब्बास गं! पण पाणी कुठंय? पाणी नाही, तर मी नाही धुणार. रहाटाला सांग जा!"

तुरु तुरु, तुरु तुरु. चुणी विहिरीवर गेली.

"रहाटा, रहाटा!
केर धुवेना,
चांदी मिळेना,
माझ्या बाळाचा एक पाय रिकामा!
फिर ना रे!"

"कर्र कर्र! तेल नाही, तर मी नाही फिरणार. घाण्याला सांग जा!"

तुरु तुरु, तुरु तुरु. चुणी तेलाच्या घाण्याकडे गेली.

"घाण्या, घाण्या!
रहाट फिरेना,
केर धुवेना,
चांदी मिळेना,
माझ्या बाळाचा एक पाय रिकामा!
तेल दे ना रे!"

"बैल नाही, तर मी नाही तेल देणार. बैलाला सांग जा!"

तुरु तुरु, तुरु तुरु. बैल झाडाखाली बसला होता.

"बैलदादा, बैलदादा!
तेल निघेना,
रहाट फिरेना,
केर धुवेना,
चांदी मिळेना,
माझ्या बाळाचा एक पाय रिकामा!
चल ना रे!"

"हम्माऽ! गोचीड चावतात. पाठ खाजते. मी नाही चालणार. बगळ्याला सांग जा!"

ऊन उतरलं की हो! पळ चुणे, पळ! तुरु तुरु, तुरु तुरु!

"बगळेदादा, बगळेदादा!
बैल चालेना,
तेल निघेना,
रहाट फिरेना,
केर धुवेना,
चांदी मिळेना,
माझ्या बाळाचा एक पाय रिकामा!
गोचीड टीप ना रे!"

"मी का जाऊ? मला काय मिळेल?"

झालं! आता कुणाकडे जायचं? चुणीने डोकं खाजवलं. आणि टुणकन उडीच मारली.

"गोचीड तुला! आराम बैलाला! आणि मधलं ते माझं!"

"मधलं म्हणजे गं काय?"

"बैलाचं चालणं!"

बगळा खो खो हसला. "पक्की व्यापारीण आहेस की गं!"

आणि उडाला. फडफड फडफड! गोचीड टिपले. टक टक टक!

बैल चालला. धप धप!
तेल निघालं. टिप टिप!

चुणीने शेपूट तेलात बुडवलं आणि रहाटाला फासलं.

रहाट फिरला. गर्र गर्र!
पाणी आलं. खळ खळ!
केर धुतला. चुळूक चुळूक!

तळाशी चमचम! चांदी! मावशीने त्यातली गुंजभर दिली!

"काका, काका! ही घ्या चांदी!"

काकांनी तोलली. चार आणि एक, पाच! मधली गुंज काकांनी खणात टाकली. त्यांचंही पोट आहे ना! बाकीच्या चार वितळवल्या. भाता फुस्स फुस्स. हातोडी ठक ठक. झाले वाळे!

चुणी धूम पळाली. घरी पाळणा सजला होता. आत्या वाटच बघत होती. तिने बाळाच्या कानात केलं, "कुर्रर्र!" आणि नाव ठेवलं, चंदेरी.

चुणीने वाळे घातले. एका पायात, छुम! दुसऱ्या पायात, छुम! तिसऱ्या पायात, छुम!

आणि चौथ्या पायात?

छुम छुम छुम!

बाळाने चारही पाय हवेत उडवले. आणि चुणी? ती इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.