मधे ठेवलेली ताटली

वैदर्भी नावाची एक शिष्या होती. एका गवईबुवांकडे बारा वर्षे गाणे शिकून ती शहरात गेली आणि तिने मोबाइलवर एक मंच उभारला. घराघरांतल्या स्त्रियांनी आपल्या ओव्या, अंगाया तिथे गाव्यात आणि कोणीही त्या ऐकाव्यात, एवढीच तिची इच्छा. सर्वांत आधी आल्या द्रुपदाबाई. भाकऱ्या थापता थापता त्या गात. ते ऐकून परमुलखातली माणसे खाली लिहीत, "आई आठवली."

गाणाऱ्यांना चार पैसे मिळावेत, या सद्भावनेने वैदर्भीने नियम केला : जितके ऐकणारे, तितका मोबदला. त्यासाठी गाण्याच्या मध्येच जाहिराती आल्या. वर्षभरात मंच गजबजला. पण आता अंगाईसुद्धा किंचाळू लागली, कोणी रडण्याचे सोंग करू लागले. द्रुपदाबाई गायच्या थांबल्या. वैदर्भीने फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरी, तिथं माझाच आवाज मला ऐकू येईना झालाय."

त्या आवाजाच्या ओढीने व्याकूळ होऊन वैदर्भी बुवांकडे आली. सर्व ऐकून ते एवढेच म्हणाले, "गा."

तिने सूर लावला. बुवांनी तिच्यापुढे पितळी ताटली ठेवली. तिने तान घेतली की ते तीत एक नाणे टाकत. ती एखाद्या स्वरावर विसावली की काहीच नाही. थोड्याच वेळात वैदर्भी नुसत्या ताना मारू लागली. मग तिचे तिलाच जाणवले आणि ती गप्प झाली.

"बुवा, हे काय केलंत?"

"तू केलंस तेच. पैसा वाईट नव्हे, बाळ. माझीही चूल बिदागीवरच पेटली. पण लोक गाणं संपल्यावर उठून यायचे आणि हातात ठेवायचे. तू ताटली गाणारी आणि ऐकणारा यांच्या मधे ठेवलीस. मग गाणारी तिच्याकडे बघून गाते, आणि ऐकणाऱ्याला नाण्यांचाच आवाज येतो."

वैदर्भीने परतून नियम बदलले. जाहिरात गाणे संपल्यावर. मोबदला प्रत्येकीला सारखा. कोणाला अधिक द्यावेसे वाटले, तर त्याने शेवटी स्वेच्छेने द्यावे. निम्मी गर्दी निघून गेली, उत्पन्नही घटले. द्रुपदाबाई मात्र आल्या नाहीत. ती रोज त्यांची वाट पाही.

एका दुपारी मंचावर कोणा अनोळखी तरुण आईची अंगाई आली. मध्येच बाळ कुरकुरले. ती थांबली, त्याला थोपटले, आणि तिथूनच पुढे गाऊ लागली. तेवढा भाग तिने कापून टाकला नव्हता. वैदर्भीने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले.