नावाचा संन्यासी

फार पूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका गावात होड्यांची शिडं शिवणारा एक कारागीर राहत होता. त्याची बायको वारली तेव्हा शेजारी भेटायला आले. त्यांना तो म्हणाला, "मला थोडे दिवस एकटं राहू द्या." गाव तसं फार ऐकणारं. त्यांनी त्याला एकटं राहू दिलं, ते बारा वर्षं झाली तरी राहू दिलं. कोळी फाटकी शिडं ओट्यावर ठेवून पाय न वाजवता निघून जात. आपापसात त्याला 'संन्यासी' म्हणत, तेही आदराने.

पहिले काही महिने त्याला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. पण बोलावायचं कुणाला, आणि काय म्हणून? दुपारी शिवताना तो मोठ्याने टाके मोजायचा, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

एका सकाळी किनाऱ्यावर त्याला एक शंख चालताना दिसला. आत खेकडा होता. हे खेकडे समुद्रातल्या गोगलगाईंचे रिकामे शंख घर म्हणून पाठीवर वागवतात आणि कुणाची चाहूल लागली की आत दडून बसतात. म्हणून गावात त्यांनाही संन्यासीच म्हणत.

"चल, आपल्या दोघांचं जमेल," कारागीर म्हणाला आणि त्याला घरी घेऊन आला.

त्याने सगळं हौसेने केलं. लाकडी काथवटीत ओली वाळू घातली, एका करवंटीत गोडं पाणी ठेवलं, दुसरीत समुद्राचं. रोज खोबऱ्याचा कीस दिला. मिशा हलवून खेकडा वास कसा घेतो, घाबरला की मोठी डावी नांगी दारासारखी आडवी लावून कसा बसतो, हे बघायला त्याला फार आवडे. पण नांगी आडवी झाली की तो लगेच मागे सरके. संन्याशाला आपला त्रास नको, म्हणून त्याने काथवटीवर जुन्या शिडाचा तुकडा पसरला आणि खाणं देण्यापुरताच तो उचलू लागला.

काही महिन्यांनी खेकडा काथवटीच्या कडेकडेने सारखा फिरू लागला. एकदा कारागिराच्या बोटातलं शिवणाचं अंगुस्तान वाळूत पडलं, तर त्यातच नांगी घालून चाचपत बसला. "अजूनही याला गजबज वाटतेय," असं म्हणून कारागिराने काथवट उचलून मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली.

चौथ्या दिवशी कापड उचललं तर खेकडा शंखाच्या बाहेर. कारागिराने त्याला पूर्ण असा पहिल्यांदाच पाहिला. पुढचं अंग टणक, कवचाचं. मागचं मात्र मऊ, एका बाजूला वळलेलं, अगदी उघडं. ते सुकत चाललं होतं, आणि काही केल्या खेकडा जुन्या शंखात परत जाईना.

हा आता मरणार, हे कारागिराला कळलं. उपाय ठाऊक असेल तर कालवं काढणाऱ्या म्हातारीलाच. ती चार घरं सोडून राहायची. चार घरं म्हणजे काही लांब नाही, पण बारा वर्षांत त्याने कुणाचं दार वाजवलं नव्हतं. काथवट हातात घेऊन तो उंबऱ्यातच थबकला. लोक काय म्हणतील? पाऊल मागे वळलंसुद्धा. तेवढ्यात खेकड्याने एक पाय कसाबसा हलवला, आणि कारागीर निघाला.

म्हातारीने काथवटीत एकदा पाहिलं आणि आतून गोल तोंडाचे, जरा मोठे असे तीन-चार शंख आणून वाळूवर ठेवले.

"हात लावू नकोस. त्याचं तो बघेल."

खेकड्याने एक शंख चाचपून सोडला. दुसरा उलटापालटा केला आणि पापणी लवायच्या आत मागचं अंग त्यात ओढून घेतलं.

"वाढला होता रे तो," म्हातारी म्हणाली. "जुनं घर पुरत नव्हतं. ह्याच्याबरोबर आणखी कोण ठेवलंस?"

"कुणी नाही. संन्यासी ना तो."

"कसला संन्यासी? गावाने नाव ठेवलं ते. किनाऱ्यावर ह्यांचा मेळा असतो मेळा. मोठा शंख मिळाला की रांग लावतात. पहिला नव्यात शिरतो, त्याचं घर दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. आत दडतो तो भीतीने. आपण म्हणतो, ह्याला एकटंच आवडतं."

कारागिराने खाली बघत काथवट जवळ ओढली. म्हातारीला वाटलं, आपण फार बोललो.

"बरं बाबा, जा तू घरी. तुला माणसांचा कंटाळा, ठाऊक आहे मला."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मावशी, मला कंटाळा नाही. मी थोडे दिवस म्हटलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"आणि आम्हाला वाटायचं, विचारलं तर तुला त्रास होईल," म्हातारी म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी खेकड्याला केवड्याच्या बनाशी सोडलं. थोडा वेळ तो नांगी लावून बसला. मग पाल्याखाली एक शंख हलला, दुसरा हलला, आणि थोड्याच वेळात त्यांतला आपला कोणता हे कारागिराला ओळखू येईना.

घरी आल्यावर रिकामी काथवट पाहून त्याला फार वाईट वाटलं. तो एकट्यापुरते तांदूळ धुवायला बसला, आणि तसाच उठून म्हातारीच्या दारात गेला.

"मावशी, आज मी तुमच्याकडे जेवणार आहे."

"बस की," ती म्हणाली आणि तिने दुसरं ताट मांडलं.

तात्पर्य: दार लावून बसलेल्याला एकांतच हवा असेल असं धरून चालू नये, एकदा विचारावं, आणि दार लावून बसलेल्याने कुणी विचारण्याची वाट पाहत आयुष्य घालवू नये.